धंद्याचं शिक्षण, नीती आणि ख्रिस्ती विश्वास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात वाणिज्य आणि व्यवस्थापन शिकवते आणि रविवारी उपासनेनंतर तरुणांचा एक अभ्यासवर्ग घेते. वर्गात विद्यार्थी विचारतात, "मॅडम, यात धर्म कशाला?" आणि चर्चच्या आवारात आईवडील विचारतात, "मुलगा धंद्यात पडतोय, विश्वास टिकेल ना?" गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न आणि त्यांना मी देत आलेली उत्तरं इथं एकत्र केली आहेत.

नैतिक भांडवलशाही म्हणजे नेमकं काय? हे दोन शब्द एकत्र नांदतात का?

नांदतात, पण त्यासाठी राबावं लागतं. खासगी मालकी, नफ्यासाठी गुंतवणूक आणि बाजारात ठरणारी किंमत ही झाली भांडवलशाही. तिच्यामागे 'नैतिक' हा शब्द लागला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर देणगी येते: कंपनीनं शाळेला संगणक दिले, दवाखान्याला रुग्णवाहिका दिली. मला त्याआधीचा हिशोब बघायचा असतो. कामगाराची मजुरी कुठल्या तारखेला दिली? माप पूर्ण होतं का? छोट्या पुरवठादाराचं बिल किती दिवस टेबलावर पडून होतं? कारखान्यामागच्या ओढ्यात काय सोडलं? नफा ज्या रस्त्यानं आला तो रस्ता तपासणं, हा माझ्या लेखी या विषयाचा गाभा आहे, आणि पुढची सगळी उत्तरं त्याच्याशी बांधलेली आहेत.

श्रीमंत होणं ख्रिस्ती दृष्टीनं पाप आहे का?

नाही. पण बायबल श्रीमंताला निवांत बसूही देत नाही. देव आणि धन या दोघांची चाकरी करता येत नाही, हे येशूचे शब्द मत्तयच्या सहाव्या अध्यायात आहेत. कोठारं पाडून मोठी कोठारं बांधायला निघालेल्या धनवानाचा दाखला लूकच्या बाराव्या अध्यायात आहे.

लोक इथंच थांबतात आणि बायबल पैशाच्या विरोधात आहे असं ठरवून टाकतात. खरं तर पवित्र शास्त्रात पैशाबद्दल अगदी बारीकसारीक, रोजच्या व्यवहाराचे नियम आहेत. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात एकाच पानावर तीन गोष्टी सापडतात: शेताच्या कडेचं पीक गरिबासाठी सोडा, मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत, आपल्याजवळ ठेवू नका, आणि तराजू, वजनं, मापं खरी ठेवा. 'अनुवाद' या बायबलमधल्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात तर पिशवीत दोन प्रकारची वजनं बाळगायलाच मनाई आहे, एक घ्यायचं आणि एक द्यायचं. मंडईत वाढलेल्या कुणालाही ही मनाई का घालावी लागली ते समजावून सांगावं लागत नाही. आमोस संदेष्ट्यानं माप लहान करून दाम मोठा करणाऱ्या व्यापाऱ्यांना भर चौकात सुनावलं आहे. नव्या करारात याकोबाच्या पत्रात, पाचव्या अध्यायात, कापणी करणाऱ्यांची अडकवलेली मजुरी स्वतःच ओरडते आहे आणि ती हाक देवाच्या कानी गेली आहे.

आणि मग जक्कय. हा जकातदार होता, श्रीमंत होता आणि लोकांना नागवून झाला होता. येशू त्याच्या घरी उतरल्यावर तो उभा राहून म्हणतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्याच्याकडून अन्यायानं काही घेतलं असेल त्याला चौपट परत करतो. वर्गात मी या दुसऱ्या वाक्यावर थांबते. दान त्यानं केलंच, पण ज्याचं होतं त्याला परत करण्याचं कलम वेगळं ठेवलं. दोन्ही एकाच खात्यात घातली नाहीत.

द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मालक सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. हा अन्याय नाही का?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि मला तो फार आवडतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मत्तयच्या विसाव्या अध्यायातला मालक पहाटे बाजारात जाऊन मजूर ठरवतो, दिवसाची मजुरी एक दीनार. मग तो पुन्हा तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि अखेरीस अकराव्या तासाला जातो, म्हणजे दिवस मावळायला एकच तास उरलेला असताना. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर एकेक दीनार. पहाटेपासून उन्हात राबलेले कुरकुरतात. मनुष्यबळ व्यवस्थापन शिकणारी मुलं त्यांची बाजू लगेच घेतात: "मग उद्या पहाटे कोण येईल?"

मी त्यांना सांगते, आपल्या शहरातल्या कुठल्याही मजूर अड्ड्यावर सकाळी आठला जा आणि पुन्हा साडेदहाला जा. आठला गर्दी असते. मुकादम, बिगारी शोधणारे ठेकेदार, टेम्पो. साडेदहाला जे उरतात त्यांच्याकडे नीट बघा: थोडं वय झालेला माणूस, पोर कडेवर घेतलेली बाई, गावाहून कालच आलेला. ते आळशी म्हणून उरलेले नसतात. दाखल्यातले मजूर तेच सांगतात, आम्हाला कुणी कामावर लावलंच नाही. घरी पीठ मात्र तेवढंच लागतं.

हा दाखला देवाच्या राज्याबद्दलचा आहे, पगाराचा तक्ता तयार करण्यासाठी तो सांगितलेला नाही. हे मी वर्गात पहिल्यांदा स्पष्ट करते. तरी त्यातून व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यानं दोन गोष्टी उचलाव्यात असं मला वाटतं. पहिली, माणसाला जगायला लागणारी रक्कम आणि त्याच्या कामगिरीचं बक्षीस ही दोन निराळी मापं आहेत. बक्षिसात फरक जरूर करा, पण पहिल्या रकमेला हात लावू नका. दुसरी गोष्ट माझी आवडती: हा मालक स्वतः पाच वेळा बाजारात गेला. त्यानं कारभाऱ्याला पाठवलं नाही. आपल्याकडे काम करणारी माणसं कुठून येतात, कुठं उभी राहतात, हे किती मालकांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं?

"उद्या पहाटे कोण येईल" या प्रश्नाला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. मी तो फळ्यावर तसाच ठेवते. मुलं त्यावर तासभर भांडतात, आणि ते भांडण कुठल्याही केस स्टडीपेक्षा चांगलं शिकवतं.

चर्चची याबद्दल काही ठरलेली शिकवण आहे का?

कॅथलिक परंपरेत आहे, आणि ती सलग आहे. १८९१ च्या मे महिन्यात पोप तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढलं. युरोपातल्या गिरण्यांमध्ये माणसं भरडली जात होती, तो हा काळ. त्यात खासगी मालमत्तेचा हक्क मान्य केला, समाजवादाला नकार दिला, आणि त्याच वेळी कामगाराला संघटना बांधायचा हक्क आहे, त्याची मजुरी काटकसरीनं घर चालवण्याइतकी असलीच पाहिजे, हेही बजावलं. गरजेपोटी कामगार कमी मजुरीला 'हो' म्हणाला म्हणून ती न्याय्य ठरत नाही, हा त्यातला मुद्दा मी करारांचा कायदा शिकवताना मुद्दाम आणते.

पुढं १९३१ मध्ये 'क्वाद्राजेसिमो आन्नो' आलं. जे काम खालच्या पातळीवर नीट होतं ते वरच्यानं हिसकावू नये, हे तत्त्व त्यानं रुजवलं. १९८१ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी भांडवलापेक्षा श्रम श्रेष्ठ असं मांडलं. १९९१ च्या 'सेंतेसिमुस आन्नुस'मध्ये त्यांनी भांडवलशाही मान्य का, या प्रश्नाला दुहेरी उत्तर दिलं: बाजार आणि उद्यम कायद्याच्या चौकटीत राहून माणसाच्या स्वातंत्र्याची सेवा करत असतील तर हो, नसतील तर नाही. २०१५ च्या 'लाउदातो सी'नं या हिशोबात माती, पाणी आणि हवा आणली. २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपनी लिओ हेच नाव घेतलं आणि त्यामागे तेराव्या लिओंचं ते परिपत्रक असल्याचं सांगितलं.

प्रोटेस्टंट परंपरेत असं एक केंद्र नाही. तिथं प्रवचनं, मंडळ्या (म्हणजे एकेका चर्चचे सभासद) आणि माणसांची आयुष्यं बघावी लागतात. अठराव्या शतकातले धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांचं पैशाच्या वापरावरचं प्रवचन त्यात प्रसिद्ध आहे: जितकं मिळवता येईल तितकं मिळवा, वाचवा आणि द्या. 'मिळवा' या शब्दाला त्यांनी अटी घातल्या होत्या. शेजाऱ्याच्या देहाला, मालमत्तेला किंवा आत्म्याला इजा करून मिळवायचं नाही. लोक तीन क्रियापदं लक्षात ठेवतात आणि अटी विसरतात.

असा धंदा प्रत्यक्षात कुणी केला का?

केला, आणि चुकतमाकत केला. इंग्लंडमधल्या क्वेकर पंथीयांचं उदाहरण मी नेहमी देते. धार्मिक अटींमुळे ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारं त्यांना दीर्घकाळ बंद होती, म्हणून ते व्यापारात शिरले. घासाघीस करणं त्यांना खोटं बोलण्यासारखं वाटे, म्हणून वस्तूची एकच किंमत, पोराला पाठवलं तरी तीच. दिवाळं निघालेल्या सभासदाची मंडळीसमोर चौकशी होई आणि प्रसंगी त्याला मंडळीतून काढलं जाई. म्हणजे धंद्यातल्या सचोटीची जबाबदारी एकट्याच्या सदसद्विवेकावर सोडलेली नव्हती, ती अख्ख्या मंडळीची होती. मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

याच परंपरेतल्या कॅडबरी बंधूंनी १८७९ मध्ये बर्मिंगहॅमबाहेर बोर्नव्हिलला कारखाना हलवला आणि पुढं भोवती बागांची घरं असलेलं गाव वसवलं. पण गोष्ट इथं संपवली तर ती अर्धी राहील. साओ तोमे बेटावरचा कोको गुलामीसारख्या श्रमातून येतो, असं विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच या कंपनीच्या कानावर आलं होतं. खरेदी थांबवली ती १९०९ मध्ये. त्याच वर्षी एका वृत्तपत्राविरुद्धचा अब्रुनुकसानीचा दावा ते जिंकले, पण ज्यूरीनं भरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. स्वतःच्या कारखान्यातला कामगार दिसत होता, बेटावरचा दिसत नव्हता. आजच्या पुरवठा साखळीचा धडा शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

दुसरं उदाहरण स्पेनमधल्या बास्क प्रांतातलं मोंद्रागोन. तिथं एका तरुण कॅथलिक धर्मगुरूंनी १९४३ मध्ये तंत्रशाळा काढली, आणि १९५६ मध्ये त्यांच्या विद्यार्थ्यांनी पहिली कामगार सहकारी कंपनी उभी केली. कामगार हाच मालक, एका सभासदाला एक मत, आणि सर्वांत कमी व सर्वांत जास्त पगारातलं अंतर सभासदांच्या मतानं बांधलेलं. २०१३ मध्ये त्यांच्या घरगुती उपकरणांच्या मोठ्या कंपनीचं दिवाळं निघालं. बाकीचा समूह टिकला. सहकारी साखर कारखान्यांच्या राज्यातल्या मुलांना यातलं काही परकं वाटत नाही. प्रवरेचा कारखाना उभा करताना विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबर आपल्या पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते, एवढं सांगितलं की चर्चा आपोआप सुरू होते.

पुण्याच्या आसपास याचं काही मूळ आहे?

दौंडच्या गाडीत बसा आणि केडगावला उतरा. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं, आणि दुष्काळात सापडलेल्या मुलीबायकांसाठी केडगावला मुक्ती सदन उभं केलं. रमाबाईंकडे लोक धर्मांतर आणि समाजसुधारणा या दोनच चष्म्यांतून बघतात. मी विद्यार्थ्यांना सांगते, त्यांच्याकडे उद्योग चालवणारी बाई म्हणूनही बघा. शेती, विणकाम, शिवण, दुभती जनावरं, छापखाना. ज्या बाईला समाजानं ओझं ठरवलं होतं तिच्या हाताला कौशल्य दिलं. मुक्तीच्या छापखान्यात बायका स्वतः छपाईचे खिळे जुळवत आणि छापत. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथंच छापलं गेलं. दया दाखवायची म्हणून त्यांनी कुणाला नुसतं बसवून खायला घातलं नाही.

हा आडून केलेला धर्मप्रसार नाही का? इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांनी हे का शिकावं?

शंका रास्त आहे आणि पुण्यात ती जुनी आहे. १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्यावरून रानडे आणि टिळकांसारख्यांवर केवढं प्रकरण शेकलं होतं, ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून मी सीमा आधीच सांगते. राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदानुसार सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवता येत नाही. मला हा नियम फक्त कायदा म्हणून नव्हे, मनापासूनही मान्य आहे. वर्गात दाखला वाचला जातो, प्रार्थना होत नाही.

आणि वर्गात फक्त बायबल नसतं. देहूचा एक वाणी उत्तम व्यवहारानं धन जोडावं आणि उदास विचारानं ते खर्चावं असं सांगून गेला. वाट्याला आलेली कर्जखतं त्यानं इंद्रायणीत बुडवली, अशी परंपरा सांगते. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक तुकोबांवर किती जीव टाकत, हे मराठी ख्रिस्ती घरांत मुलांना लहानपणापासून माहीत असतं. मार्केट यार्डातल्या हमालांच्या लढ्यातून आणि १९६९ च्या माथाडी कायद्यातून मजुरीच्या न्यायाबद्दल जे शिकायला मिळतं, ते शिकायला कुठल्याही एका धर्माचं असावं लागत नाही. बौद्ध विद्यार्थी सम्यक आजीविकेबद्दल, म्हणजे योग्य मार्गानं पोट भरण्याबद्दल बोलतात, मुस्लिम विद्यार्थी व्याज आणि जकात या धर्मानं बंधनकारक केलेल्या दानाबद्दल. मी माझ्या विश्वासातून बोलते, ते त्यांच्या. आपण कुठून बोलतो हे लपवलं नाही की चर्चा खुली होते.

सीएसआर (कंपन्यांची सामाजिक जबाबदारी) म्हणजेच हे सगळं नाही का?

नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यानं ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायला सांगितली आहे. चांगली तरतूद आहे. उरलेले ९८ टक्के कसे आले, हा माझा विषय.

बिलं उशिरा देणं हा इतका मोठा नैतिक प्रश्न आहे का? सगळेच देतात की उशिरा.

माझ्या वडिलांचं भोसरीत छोटं वर्कशॉप होतं. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, चार कामगार, सगळं जॉब वर्क. गुरुवारी सुट्टी, म्हणून बुधवारी संध्याकाळी पगार. एका मोठ्या कंपनीचं काम होतं आणि तिचं बिल चार-चार महिने निघायचं नाही. कधी स्टोअरची पावती सापडायची नाही, कधी सही करणारे साहेब रजेवर असायचे. मी नववीत असताना आईच्या पाटल्या गहाण पडल्या, कारण बुधवार चुकवायचा नाही हा वडिलांचा नियम होता. त्या कंपनीच्या वार्षिक अहवालात समाजसेवेची रंगीत पानं असायची. वडिलांनी ती कधी फाडली नाहीत की त्यांवर बोलले नाहीत. पाटल्या सोडवायला दोन वर्षं लागली.

आता मी हे गणित वर्गात घालते. ४ लाखांचं बिल १२० दिवस उशिरा दिलं. छोट्या उद्योजकानं तेवढ्यासाठी १२ टक्क्यांनी कर्ज काढलं. व्याज झालं सुमारे १५,८०० रुपये. ते कुणाच्या खिशातून गेलं आणि कुणाच्या नफ्यात दिसलं? 'वर्किंग कॅपिटल मॅनेजमेंट'च्या धड्यात देणी लांबवणं हे कौशल्य म्हणून शिकवलं जातं. समोरच्या टोकाला कोण उभं आहे ते पुस्तकात छापलेलं नसतं.

कायदा आता स्पष्ट आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून अशी मुदतीबाहेर थकलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून वजाही करता येत नाही, ती प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच करता येते. तरीही छोटा माणूस तक्रार करायला घाबरतो, कारण पुढची ऑर्डर त्याच कंपनीकडून यायची असते. म्हणूनच त्या कंपनीच्या खरेदी विभागात बसणारी मुलगी कशी घडते, यावर माझा इतका जोर आहे. लेवीयमधला तो रात्रभराचा नियम तिनं एकदा तरी वाचलेला असावा.

विश्वास ठेवला, दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) चर्चला दिला, की देव धंद्यात भरभराट देतो, असं काही प्रचारक सांगतात. खरं आहे का?

मी हे मानत नाही आणि तरुणांना यापासून सावध करते. कर्जात बुडालेल्या माणसाला "तुझा विश्वास कमी पडला" असं सांगणं क्रूर आहे. बायबलमधल्या ईयोबाचं सगळं गेलं तेव्हा त्याच्या मित्रांनी असंच काहीसं सांगितलं होतं, आणि देवानं त्यांनाच फटकारलं.

ख्रिस्ती संस्थांमध्ये तरी पगार वेळेवर होतात का?

सगळीकडे नाही. मी स्वतः उमेदीच्या काळात एका संस्थेत तासिका तत्त्वावर शिकवलं आणि एका सत्राचं मानधन हाती यायला आठ महिने लागले. त्याच सत्रात तिथं सेवाभावावर सुंदर प्रवचनं झाली. सेवा हा शब्द मानधन थकवायला वापरला जातो तेव्हा मला फार वाईट वाटतं, आणि मी ते आपल्या मंडळीत उघड बोलते. पाळकांनी, फादरांनी, विश्वस्तांनी आपल्या शाळा-दवाखान्यांतल्या शिपाई, आया, सफाई कामगार यांच्या पगाराची तारीख आणि भविष्य निर्वाह निधीचा भरणा आधी तपासावा. बाहेरच्यांना शिकवणं त्यानंतर.

असं शिक्षण देणाऱ्या संस्था कोणत्या?

जेझुइट या कॅथलिक संघानं १९४९ मध्ये जमशेदपूरला एक्सएलआरआय, म्हणजे झेवियर लेबर रिलेशन्स इन्स्टिट्यूट, काढली. तिचा जन्मच कामगार संबंधांच्या प्रश्नातून झाला, ते नावातही आहे. भुवनेश्वर आणि चेन्नईतही जेझुइटांच्या व्यवस्थापन संस्था आहेत. एक्सएलआरआयच्या झॅट या प्रवेश परीक्षेतला 'डिसिजन मेकिंग' विभाग अनेक मुलं फक्त गुणांसाठी सोडवतात. त्यातले पेच संध्याकाळी घरच्यांसमोर ठेवून बघा.

पुण्यात ज्ञानदीप विद्यापीठ आणि बिबवेवाडीचं युनियन बिब्लिकल सेमिनरी अशी ईश्वरविज्ञानाची मोठी केंद्रं आहेत, आणि व्यवस्थापन महाविद्यालयं तर गल्लोगल्ली आहेत. भावी पाळकाला ताळेबंद वाचता येत नाही आणि भावी व्यवस्थापकानं आमोस वाचलेला नसतो. एकाच शहरात राहून दोघांची भेट होत नाही याची मला खंत आहे.

लाच मागितली तर काय करायचं?

देऊ नका. काम लांबेल, आणि तो तोटा खरा असतो. म्हणून धंद्याच्या आराखड्यात परवान्यांसाठी जास्तीचे महिने आणि तेवढं खेळतं भांडवल पहिल्या दिवसापासून धरा. तयारी नसली की माणूस तिसऱ्या महिन्यात वाकतो.

मला सुरुवात करायची आहे. कुठून करू?

एका संध्याकाळी लेवीय १९, लूक १९ आणि याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय सलग वाचा. मग एक शंभर पानी वही घ्या आणि घरापासून सुरू करा. कामाला येणाऱ्या मावशी, दूधवाला, पेपरवाला, सोसायटीचा वॉचमन, इस्त्रीवाले काका. प्रत्येकाला पैसे कुठल्या तारखेला मिळायला हवे होते आणि कुठल्या तारखेला मिळाले, दोन रकाने. नोकरी किंवा धंदा असेल तर तिथल्या पाच सर्वांत लहान पुरवठादारांची नावं त्याखाली. महिनाभर लिहा, आणि अभ्यासवर्गाला येताना ती वही बरोबर आणा.